मावसाजींचं गवताचं मशीन

बिघडलेल्या वस्तूवर माझ्या मावसाजींइतका जीव लावणारा माणूस भंडारा जिल्ह्यात दुसरा नसेल. गोंदिया वेगळा व्हायच्या आधीच्या, दुप्पट मोठ्या जिल्ह्यातही नसावा. पण तो जिल्हा मी जाणत्या वयात पाहिलेला नाही, त्यामुळे त्याबद्दल मावसाजींच्याच शब्दावर विसंबून राहावं लागतं. जिल्ह्याची ती वाटणी त्यांनी अजूनही मान्य केलेली नाही. त्यांची सख्खी बहीण तिरोड्याला दिलेली. ती एका सकाळी बसल्या जागी परजिल्ह्यातली झाली, याचा राग त्यांना होताच. पण खरा आक्षेप तांत्रिक होता. "चालू इंजिनातून पिस्टन काढून नेते का कोनी? अन् वरून म्हणते, आता दोन्ही भाग बरोबर चालतीन!"

मावसाजी म्हणजे माझ्या मोठ्या मावशीचे यजमान. घर सिहोऱ्याला, आणि तीस वर्षं शेतीला पाणी चढवणाऱ्या डिझेल पंपांवर ऑपरेटरची नोकरी. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात; ते दहा-बाराचा पाना ठेवतात, आणि त्या वजनानं त्यांचे सगळे शर्ट डावीकडे झुकलेले असतात. कुणाच्याही घरी गेले की ते माणसांच्या आधी यंत्रांची विचारपूस करतात. कुलर खडखडत असेल तर हातातला पाण्याचा ग्लास तसाच ठेवून त्याच्यासमोर उकिडवे बसतात. माझ्या मामेबहिणीसाठी तुमसरला एक स्थळ पाहायला गेलो होतो. मुलाचे वडील मुलाच्या नोकरीबद्दल सांगत असताना मावसाजी बैठकीतून नाहीसे झाले. पोहे थंड होईपर्यंत शोधाशोध झाली. शेवटी ते मागच्या विहिरीपाशी सापडले, बाह्या वर चढवलेल्या आणि त्या घरचा दोन वर्षं बंद पडलेला पंप पोत्यावर सुटा मांडलेला. लग्न काही जमलं नाही. पंप अजून चालतो, असं ऐकते. धडधाकट वस्तूंशी मात्र त्यांचं जमत नाही. मावशीनं नवा मिक्सर आणला तेव्हा त्यांनी तो एकदा सुरू केला, एकदा बंद केला आणि "हे तं बोलतच नाई आपल्यासंग" म्हणून पाठ फिरवली ती कायमची.

अशा माणसाला लिलावाला एकटं पाठवू नये हे मावशीला कळायला हवं होतं. कुठल्याशा सरकारी वसाहतीतलं जुनं सामान निघालं होतं. मावसाजी कुलर आणायला गेले आणि संध्याकाळी टेम्पोत डिझेलवर चालणारं, वर बसून चालवायचं गवत कापायचं मशीन घालून आले. लाल रंग उडालेला, पोटाखाली पाती, वर एकच खुर्ची. ज्या गावात गवत विळ्यानं कापतात, भारे बांधतात आणि जनावरांपुढे टाकतात, त्या गावात गवताचा भुगा करून उडवणारं मशीन! मावशीनं त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "अवो, हे गवत कापते. मंग ते खाते कोन?" पहिल्याच आठवड्यात मावसाजींनी शेजाऱ्याच्या शेताच्या कडेचं, धुऱ्यावरचं गवत मोठ्या मनानं, न विचारता कापून दिलं, म्हणजे त्याच्या दोन म्हशींचं दोन दिवसांचं जेवण हवेत उडवलं. तो शेजारी पुढे बरेच महिने त्यांना पाहिलं की बाजूच्या गल्लीत वळायचा. अखेर मशीनला काम सापडलं ते शाळेमागच्या मैदानावर. दिवाळीनंतर तिथं मंडई, म्हणजे गावची जत्रा भरते. दुकानं, पाळणे, रात्री दंडारीची नाटकं, घरोघरी पाहुणे. पावसाळ्यात गुडघ्याएवढं वाढलेलं गवत त्याआधी काढावं लागतं. "मंडईचं मैदान मी करतो," मावसाजींनी जाहीर केलं, आणि तेव्हापासून गावात त्यांना मान मिळू लागला, निदान मशीन चालू असेपर्यंत तरी.

मी त्यांच्याकडे वर्षभर राहिले ते बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करायला. सिहोऱ्याला शांतता आहे, असं आई लोकांना सांगायची. खरं कारण असं की मी एकदा नापास झाले होते आणि भंडाऱ्यातल्या ओळखीच्या माणसांना तोंड दाखवायचं नव्हतं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. चारचौघांत बोलायची वेळ आली की कोणत्या भाषेत गप्प बसावं हेच मला ठरवता येत नसे. मावशीकडे येणाऱ्या बायका माझ्यादेखत तिला विचारायच्या, "पोरगी बोलत काहून नाई वो?" मावसाजींनी हे कधी विचारलं नाही. मी येऊन तीन दिवस झाले असतील. सकाळी त्यांनी माझ्या खिडकीच्या गजावर पान्यानं टकटक केली आणि म्हणाले, "पोरी, चाल. बॅटरी धराले मानूस पाह्यजे."

मशीनला एकच रोग होता. ते वीसेक मिनिटं झकास चालायचं, मग आचके द्यायचं आणि बंद पडायचं. "डिझेल पोचून नाई राहिलं," हे मावसाजींचं निदान ठरलेलं, आणि ते का पोचत नाही याच्या तपासाची वाटही ठरलेली. टाकी म्हणजे पोट, नळी म्हणजे घसा, फिल्टर म्हणजे गाळणी, पंप म्हणजे काळीज आणि नोझल म्हणजे तोंड. पोटातून निघून तोंडाकडे जाणारं एवढं एकच जेवण मी पाहिलं आहे. आधी टाकीचं झाकण उघडून आत डोकावायचं, थेंबभर डिझेल दोन बोटांत चोळून हुंगायचं. मग नळी काढून फुंकायची, फिल्टर उघडून धुवायचा, आणि सर्वांत शेवटी एअर काढायची. एअर म्हणजे डिझेलच्या वाटेत शिरलेली हवा. ती शिरली की इंजिन उपाशी राहतं. पंपाजवळचा एक स्क्रू सैल करून हातानं दांडी हलवत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार लागते, की स्क्रू आवळायचा. दांडी मी हलवायची आणि बुडबुडे ते पाहायचे. "आला... आला... थांब, आनखी एक लहान हाय... हां, हा पाहा निंगाला!" नातवाचा पहिला दात दिसावा तसा त्यांचा चेहरा व्हायचा. मशीन सुरू व्हायचं. आम्ही दोघं विजयी मुद्रेनं चहा प्यायचो. चहा संपेपर्यंत ते पुन्हा बंद पडलेलं असायचं.

डिझेलचं सोवळं तर विचारू नये. आणलेलं डिझेल ते रात्रभर कॅनमध्ये "निवळू" देत, सकाळी मावशीच्या जुन्या लुगड्याच्या धडप्यातून गाळत आणि मगच टाकीत ओतत. मावशीला लुगड्याचा हा उपयोग पटलेला नव्हता.

"लहान लेकराले दूध गाळून देतो का नाई? तसंच हे," मावसाजी तिला समजावत.

"लेकराले दूध म्या पाजलं," मावशी स्वयंपाकघरातून म्हणे. "तवा तुमी कुठं होते? पंपावर!"

मशीनसोबत एक इंग्रजी पुस्तिका आली होती. ती त्यांनी एका सकाळी माझ्या हातात दिली. "तुले इंग्रजी येते. वाच, पाहू काय म्हणते ते." मी वाचत गेले आणि जमेल तसं मराठीत सांगत गेले. शब्द मला येत होते, त्या वस्तू माहीत नव्हत्या. त्यांना वस्तू माहीत होत्या. आमचं बरं चाललं होतं. मग एक ओळ आली. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असतं, ते बुजलेलं नाही ना, हे पाहावं.

मावसाजी हसले. "हवा? टाकीत?"

"असं लिहिलंय."

"पोरी, तीस वर्सं हवा भायेर काढाची नोकरी केली म्या. हे म्हणते, आत घ्या!" त्यांनी झाकण माझ्यापुढे धरलं. झाकणाच्या मधोमध लाखेचा तांबूस ठिपका होता. "हे पाहा. गंजून भोक पडलं होतं इथं. पावसाचं पानी जाये. म्या सोता लाख तापवून बुजवलं. खालून सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला. आता ना पानी, ना हवा."

डिझेलला हवा लागू द्यायची नाही, हा पंपावरच्या त्यांच्या पिढीचा धर्म होता. हवेला मुद्दाम वाट ठेवायला सांगणारं पुस्तक त्यांना नास्तिकानं लिहिलेलं वाटलं. "हा लिवणारा कधी एअर काढाले बसला नसन," एवढा निकाल देऊन त्यांनी ते मिटलं.

मी वाद घातला नाही. मी वाद घालत नाही. मी पाहत राहते. आणि मला दिसू लागलं ते असं. बंद पडलेल्या मशीनचं झाकण मावसाजी उघडत तेव्हा दरवेळी 'सुस्स' असा आवाज येई, टाकीनं लांब श्वास आत ओढल्यासारखा. डिझेल जसजसं खाली जाई तसतशी त्याची जागा घ्यायला हवा लागे. ती मिळत नसे, आणि थोड्या वेळानं डिझेल उतरायचंच थांबे. झाकण उघडलं की हवा आत शिरे आणि सगळं पूर्ववत होई. म्हणजे मावसाजींच्या तपासातली पहिलीच कृती रोग बरा करत होती. पुढचं फुंकणं, धुणं, दांडी हलवणं हे सगळं बऱ्या झालेल्या रोग्यावर चाललं होतं, आणि श्रेय मिळत होतं शेवटच्या बुडबुड्याला.

हे मला दिवाळीच्या महिनाभर आधी कळलं होतं, आणि मी सांगितलं नाही. मी संकोची आहे म्हणून, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. सकाळच्या त्या वेळात मला कुणी परीक्षेबद्दल विचारत नव्हतं. माझ्या बोटांना डिझेलचा वास यायचा आणि दुपारी पुस्तक उघडलं की तो पानांनाही लागायचा. मावसाजी इंजिनाशी बोलता बोलता माझ्याशीही बोलायचे, आणि उत्तर दोघांकडूनही अपेक्षित नसायचं. मशीन खरोखर दुरुस्त झालं असतं तर माझ्या खिडकीशी कोण आलं असतं?

पण त्या वर्षी मावशीचा संयम संपला. आदल्या वर्षी मशीन मैदानाच्या मध्यावर बसलं होतं, अर्ध्या गावाला विळे घेऊन यावं लागलं होतं, आणि मंडईत तिला जो तो विचारत होता, "काय वो, तुमच्या घरचा हत्ती उठला का?" मावशी म्हणाली, "यंदा हे मधात बसलं, तं भंगारवाल्याच्या गाडीत मीच चढवून देतो. पक्कं समजा." मावशी नुसती धमकी देत नाही, व्यवस्था करते. मैदान कापायच्या दिवशी सकाळी गाडी घेऊन यायला तिनं भंगारवाल्याला सांगूनही टाकलं. दोन दिवस मावसाजी मशीनजवळच खाट टाकून बसले. मी चहा नेऊन दिला तेव्हा कपाकडे पाहत म्हणाले, "पोरी, नोकरी संपली तवा हे होतं. हे गेलं, तं सकाळी उठून मी जाऊ कुठं?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले, आणि मी कप घेऊन आत गेले.

मैदान कापायच्या सकाळी कडेला बरीच माणसं जमली होती. दुकानांचे बांबू उतरत होते. मावशी पदर खोचून उभी, आणि तिच्याशेजारी भंगारवाला आपल्या छोट्या गाडीला टेकून. मावसाजींनी धुतलेला शर्ट घातला होता आणि टाकी काठोकाठ भरली होती. मशीननं अर्धं मैदान एकसारखं कापलं, इतकं सुरेख की मला वाटलं, आज निभावणार. मग आचके आले. एक, दोन, आणि बरोबर मध्यावर ते थांबलं.

"काकाजी, चढवू का मंग?" भंगारवाला ओरडला. तो थट्टा करत होता की नाही, कळलं नाही. लोक मात्र हसले.

मावसाजी खाली उतरले आणि घाईत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपला क्रम मोडला. टाकी स्वतःच्या हातानं भरलेली, ती काय पाहायची, म्हणून ते थेट फिल्टरकडे गेले. फिल्टर धुतला, स्क्रू सैल केला, एकट्यानं दांडी हलवू लागले. फेस नाही, बुडबुडा नाही, काही नाही. किल्ली फिरवली, मशीन नुसतं घरघरलं. त्यांनी पुन्हा दांडी धरली. तेवढ्या लांबूनही मला त्यांच्या हातून पाना गवतात निसटताना दिसला. मावशीलाही दिसला असावा, कारण ती भंगारवाल्याकडे बघायची थांबली होती.

कडेपासून मध्यापर्यंत शंभर पावलं असतील. सगळ्यांच्या नजरेसमोर इतकं अंतर मी त्याआधी कधी चालले नव्हते. जवळ जाऊन म्हणाले, "मावसाजी, पोट पाहायचं राहिलं."

त्यांनी वर पाहिलं आणि झाकण फिरवलं. सुस्स. दांडी दोनदा हलवताच धार लागली. मशीन सुरू झालं, आणि मावसाजी झाकण परत लावणार तोच मी त्यांचा हात धरला. "लावू नका. लावलं की पुन्हा थांबेल. दरवेळी यानंच थांबतं."

"एअर पकडन ना, माय."

"नाही पकडणार. मावशी तेलाच्या पिप्याला दोन भोकं का पाडते? एकच पाडलं तर तेल येतं का?"

मावसाजी माझ्याकडे पाहत राहिले. मग झाकणाकडे, मग लांब उभ्या मावशीकडे. इंजिन चालूच होतं. तीस वर्षांचा धर्म माणूस किती वेळात सोडतो, हे मला माहीत नव्हतं. त्यांना अर्धं मिनिट लागलं. त्यांनी ट्यूबचा तुकडा ओरबाडून काढला, झाकण खुर्चीच्या कडेवर ठेवलं, पान्याच्या टोकानं लाख टोकरून उडवली, भोकात खिशातली टाचणी फिरवली, आणि झाकण लावून वर चढले. उरलेलं मैदान त्यांनी एका दमात कापलं. शेवटच्या वळणावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली उतरून ते जी गोष्ट लपवू शकले असते, ती त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितली. "म्याच मारलं होतं हे! माह्या हातानं तोंड दाबलं होतं त्याचं! आमच्या पोरीनं शोधलं, तेलाच्या पिप्यावरून!" मावशी म्हणाली, "पिपा माहा होता, हे पन सांगा." आणि भंगारवाल्याला रिकामं कसं पाठवायचं म्हणून तिनं घरचा फुटका कुलर त्याच्या गाडीत चढवून दिला.

त्यानंतर मशीन एकदाही बंद पडलं नाही. अडचण इथूनच सुरू झाली. मावसाजी सकाळी उठत, मशीन सुरू करत, अंगणातच एक फेरी मारत, बंद करत. करायला काही उरत नसे. एकदा ते माझ्या खिडकीपाशी आले. "आवाज जरा जाड येऊन राहिला का, पोरी?" मी कान देऊन ऐकलं आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "नाही, मावसाजी. चांगला आहे." ते म्हणाले, "हाव, चांगलाच हाय," आणि गेले. आज वाटतं, हो म्हणायला काय झालं होतं? जाड येतोय म्हटलं असतं, तर एक सकाळ तरी मिळाली असती.

मला नोकरी लागली ती पुण्यात, आणि तीही दिवसभर फोनवर बोलायची. लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, एकेक प्रश्न विचारत दोष कुठे आहे ते शोधायचं. मी त्यात बरी आहे, असं वरिष्ठ म्हणतात. मावसाजींना मी आठवड्यातून एकदा फोन करते. मशीन कसं आहे विचारलं की म्हणतात, "चालू हाय." काही त्रास? "काईच नाई." मग फोन मावशीकडे जातो.

गेल्या दिवाळीत मी दोन दिवस सिहोऱ्याला गेले होते. निघायच्या दिवशी सकाळी मैदान कापणं होतं, म्हणून पाहायला गेले. तासाभरात सगळं मैदान झालं. मावसाजी उतरून माझ्याशेजारी बांधावर बसले आणि स्वच्छ हात फडक्यानं पुसत राहिले. त्या सकाळचं पुढे काय करावं, हे आम्हा दोघांनाही कळत नव्हतं. मग ते मशीनकडे पाहून म्हणाले, "बसतं का? एक चक्कर मारून पाह्य. शिकवतो." त्या खुर्चीवर त्यांनी आजवर कुणाला बसू दिल्याचं मला आठवत नाही. मला बसायचं होतं. कडेला चार माणसं उभी होती, बसची वेळ झाली होती, आणि माझ्या तोंडून जे नेहमी निघतं तेच निघालं. "पुढच्या वेळी, मावसाजी." "हाव, हाव. बस चुकन," ते लगेच म्हणाले आणि उभे राहिले.

मी फाट्यावर जाऊन बसले. तुमसरची बस तासभर उशिरा आली. मैदान तिथून पाच मिनिटांच्या वाटेवर आहे. मी बॅग मांडीवर घेऊन बसून राहिले. तो सगळा वेळ शाळेमागून मशीनचा आवाज येत होता, दूर जात, वळत, पुन्हा जवळ येत. मैदानावर कापायला गवताची काडीही उरलेली नव्हती.